पाण्यापलीकडचीं गांवें

मुंबईहून पुण्यास जाणाऱ्या प्रवाशाची कर्जतशीं ओळख फार वरवरची असते. पुढें बोरघाट चढावयाचा म्हणून अनेक गाड्यांस येथें मागून जादा इंजिनें जोडतात. तेवढ्या अवकाशांत फलाटावरचा बटाटेवडा खावा, पूर्वेकडच्या निळ्या भिंतीकडे एकदां दृष्टि टाकावी, आणि गाडी हलली कीं पुन्हां वर्तमानपत्रांत डोकें घालावें, असा बहुतेकांचा परिपाठ. त्या निळ्या भिंतीच्या माथ्यावर विस्तीर्ण जलाशय पसरले आहेत आणि त्यांच्या कांठीं बेटांसारखीं एकाकी पडलेलीं गांवें आहेत, हें त्यांपैकीं फार थोड्यांच्या मनांत येत असेल.

उंच पर्वतावरील सरोवर व त्यांतील नांदतीं बेटें म्हटलीं म्हणजे भूगोलाच्या अभ्यासकास प्रथम आठवतें तें दक्षिण अमेरिकेंतील टिटिकाका. पेरू व बोलिव्हिया या दोन देशांच्या सीमेवर, समुद्रसपाटीपासून ३,८१२ मीटर उंचीवर हें सरोवर आहे. त्यांतील ताकिले, अमंतानी इत्यादि बेटांवर शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत, आणि ऊरोस नांवाचे लोक तर तोतोरा नामक लव्हाळ्याचीं तरंगतीं बेटें स्वतः रचून त्यांवर संसार थाटतात. एके दिवशीं आमच्या घरीं याच विषयावर गोष्टी चालल्या असतां आमचे एक इंजिनिअर स्नेही हंसून म्हणाले, “टिटिकाका राहूं द्या, आधीं भिवपुरीचा डोंगर तर चढा!” त्यांच्या या शब्दांनींच आम्हांस मार्गशीर्षांत घाटमाथ्यावर नेलें.

प्रवासाच्या हकीकतीपूर्वीं येथील पाण्याची कथा सांगितली पाहिजे, कारण ती कळल्यावांचून हा प्रदेश कळणार नाहीं. सह्याद्रीचा माथा मावळाच्या बाजूस हळूहळू उतरत जातो व कोंकणच्या बाजूस एकदम तुटतो. त्यामुळें अगदीं कड्याच्या धारेपाशीं पडलेलें पावसाचें पाणीही जवळचा पश्चिमसमुद्र सोडून पूर्वेची वाट धरतें, आणि इंद्रायणी, भीमा, कृष्णा असा सारा महाराष्ट्र व त्यापुढचा मुलूख ओलांडून बंगालच्या उपसागरास मिळतें. हें पाणी माथ्यावरच अडवून कड्यावरून कोंकणांत सोडलें तर पांचशें मीटरांहून अधिक उंचीची धार हातीं येईल, व तिच्या जोरावर वीज निर्माण करतां येईल, ही कल्पना जमशेटजी टाटा यांच्या हयातींतच निघाली. ते १९०४ सालीं वारले. पुढें १९१० सालीं कंपनी स्थापन झाली, १९११ च्या फेब्रुवारींत लोणावळ्यास धरणाची कोनशिला बसली, आणि १९१५ सालीं खालापूर तालुक्यांतील खोपोली येथें वीज सुरू झाली. तिच्यामागून १९२२ सालीं कर्जत तालुक्यांतील भिवपुरीचें व १९२७ सालीं मुळशीच्या पाण्यावर चालणारें भिऱ्याचें केंद्र उभें राहिलें. आजच्या हिशेबानें खोपोली ७२, भिवपुरी ७५ व भिरा ३०० मिळून या तिन्ही केंद्रांची शक्ति ४४७ मेगावॉट आहे.

भिवपुरीचें पाणी येतें तें आंद्रा नदीवरील ठोकळवाडीच्या धरणाचें. ही आंद्रा इंद्रायणीची उपनदी. तिच्या खोऱ्यास ‘आंदर मावळ’ म्हणतात. इंग्रजी कागदोपत्रीं या नदीचें नांव ‘आंध्र’ झालें, आणि कंपनीचें नांवही ‘आंध्र व्हॅली’ पडलें. त्यामुळें ही वीज तेलंगणाकडून येत असावी असा पुष्कळांचा समज होई. वस्तुतः ती येते कर्जतच्या डोक्यावरून! डोंगर पोखरून काढलेल्या बोगद्यांतून हें पाणी कड्यापर्यंत आणतात, तेथून लोखंडी नळांतून खालीं सोडतात, आणि चक्रें फिरवून झाल्यावर तें उल्हास नदीच्या वाटेस लागतें. त्याच पाण्यावर राजनाल्याच्या कालव्यानें कर्जत तालुक्यांत उन्हाळी भात पिकतो. खोपोलीचें पाणी अशाच रीतीनें पाताळगंगेस मिळतें. ज्या थेंबानें पूर्वसमुद्र गांठावयाचा तो पश्चिमसमुद्रास जातो, आणि जातां जातां आधीं दिवा लावतो व मग शेत भिजवतो.

आम्ही कर्जतहून सकाळींच रिक्षा करून भिवपुरीस पोंचलों. आमच्या समवेत घरची मंडळी, थोरली कन्या व वर सांगितलेले इंजिनिअर स्नेही असा लवाजमा होता. केंद्राच्या आवारांत परवानगीवांचून प्रवेश नाहीं. म्हणून कड्यावरून उतरणारे ते प्रचंड नळ दुरूनच पाहून आम्हीं कुसूर घाटाची वाट धरली. हा घाट फार जुना. कोंकण व मावळ यांमधील मालाची व माणसांची ये-जा येथून होत असे. चढ लांब असला तरी छातीवर येणारा नाहीं. वाट रुंद, व झाडीही बरी. वाटेंत ठाकर बायका लाकडांच्या मोळ्या घेऊन उतरतांना भेटल्या. आम्ही ज्या चढावर चार वेळां बसलों, तो त्या दिवसांतून दोनदां करीत असाव्यात, असें त्यांच्या पावलांवरून दिसलें.

सुमारें तीन तासांनीं माथा आला. मागें वळून पाहिलें तों सारें कर्जतचें खोरें पायांशीं पसरलें होतें. उल्हासची रेघ, भाताचीं कापलेलीं पिंवळीं खाचरें व पलीकडे माथेरानचें पठार असा तो देखावा होता. पुढें थोडें चालून गेल्यावर झाडींतून एकाएकीं पाणी दिसलें. समुद्रसपाटीपासून साडेसहाशें मीटरांहून उंच अशा या ठिकाणीं एवढा जलविस्तार पाहून मन क्षणभर स्तब्ध होतें. हा जलाशय गोल वा चौकोनी नाहीं. खोऱ्यांतील जेवढ्या ओढ्यानाल्यांत पाणी शिरलें तेवढीं त्याचीं बोटें झालीं आहेत, आणि दोन बोटांच्या मधली डोंगराची सोंड पाण्यांत शिरून द्वीपकल्पासारखी दिसते. पाण्यावर लाट नव्हती. एक मनुष्य मोटारीच्या चाकाच्या फुगविलेल्या ट्यूबवर बसून जाळें टाकीत होता. त्याच्या हातांच्या वल्हविण्याखेरीज दुसरा आवाज नव्हता.

कुसूर, खांडी, सावळा, माळेगांव अशीं गांवें या पाण्याच्या आसपास आहेत. शास्त्रशुद्ध अर्थानें त्यांस बेट म्हणतां येणार नाहीं. परंतु पश्चिमेस तुटलेला कडा, पूर्वेस पाणी, व दोहोंच्या मध्यें चिंचोळी जमीन अशा स्थितींत जीं गांवें राहतात त्यांचें जीवन बेटाचेंच होय. एका घराच्या ओट्यावर आम्ही विसांव्यास टेकलों. घरच्या म्हाताऱ्या बाबांनीं घोंगडी अंथरली, व आंतून मावशींनीं कोरा चहा पाठविला. पैलतीरावरचीं घरें उन्हांत लख्ख दिसत होतीं. “बाबा, तें गांव किती लांब?” असें विचारतांच ते हंसले व म्हणाले, “दिसायला हातभर, ताई, पन चालायला दिसभर.” धरण होण्यापूर्वीं खोऱ्याच्या तळांतून सरळ वाटा होत्या, त्या बुडाल्या, आणि एकमेकांच्या हाकेच्या अंतरावरचे सोयरे परगांवचे झाले. आजोबांनीं सांगितलेली ती हकीकत बाबांनीं अशी सांगितली, जणूं काय तीं घरें, तीं शेतें व त्या वाटा त्यांनीं स्वतः पाहिल्या होत्या.

मावशींचें बोलणें अधिक रोखठोक होतें. त्यांच्या तरुणपणीं या बाजूस सडक नव्हती. बाळंतीण अडली तर डोली करावयाची व चार पुरुषांनीं खांदा देऊन रात्रींच घाट उतरून कर्जतकडे, नाहीं तर पाण्याच्या कांठाकांठानें खालच्या मावळांत निघावयाचें. “पोंचली तर नशीब,” एवढेंच त्या म्हणाल्या, आणि पुढचें सांगावयाचें टाळून चुलीकडे वळल्या. आमच्या कन्येनें घरांत वीज केव्हां आली म्हणून विचारलें. बाबांनीं उत्तर दिलें कीं, त्यांचें बालपण व तारुण्य रॉकेलच्या चिमणीवर गेलें. आतां सडक आहे, दिवाही आहे, हातांत फोनही आहे. मात्र मुसळधार पाऊस लागला, दरड आली किंवा तार तुटली, कीं गांव पुन्हां पूर्वीचें बेट होतें. तांदळाची भाकरी व पिठलें खाऊन आम्ही उठलों. दक्षिणा म्हणून पुढें केलेले पैसे बाबा घेईनात. शेवटीं मावशींनींच, “पोरीच्या शाळेच्या वहीला होतील,” म्हणून ते नातीच्या हातीं देवविले. मान राखून गरज सांगण्याची ही रीत आमच्या मंडळींस फार आवडली.

परततांना इंजिनिअर स्नेही एक मार्मिक गोष्ट बोलले. ते म्हणाले, “या तलावावर जगणारें सर्वांत मोठें बेट तुम्हीं पाहिलेंच नाहीं. तें बेट म्हणजे मुंबई!” हें खरेंच आहे. सात बेटांची मिळून झालेली ती नगरी. तिच्या गिरण्या, ट्रामगाड्या व रस्त्यावरचे दिवे यांस ही डोंगरावरची वीज मिळूं लागली, आणि तिचें रूप पालटलें. विद्युत्‌शास्त्रांत तर ‘बेट करणें’ हा रूढ शब्दप्रयोगच आहे. दूरची वीजव्यवस्था कोसळली असतां मुंबईचें जाळें तेवढें अलग करून चालूं ठेवण्याची योजना असते, तिला तें नांव आहे. १२ ऑक्टोबर १९२० नव्हे, अगदीं परवांपरवां, १२ ऑक्टोबर २०२० रोजीं ती योजना अपुरी पडून मुंबई अंधारांत गेली, तेव्हां पुरवठा पूर्ववत् करण्याच्या कामीं हींच डोंगरांतील केंद्रें उपयोगीं पडलीं. याच्या उलट प्रसंगही इतिहासांत आहे. १९४२ च्या आंदोलनांत माथेरानचे भाई कोतवाल व त्यांच्या आझाद दस्त्याचे तरुण यांनीं या प्रदेशांत वीजवाहिन्यांचे मनोरे पाडून मुंबईचा पुरवठा तोडण्याचा सपाटा लावला होता. २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडच्या रानांत भाई कोतवाल व हिराजी पाटील हुतात्मे झाले. डोंगर व शहर यांस जोडणारा तंतु कोणता, हें त्या तरुणांनीं अचूक ओळखलें होतें.

आतां या तंतूचा भार कोणीं वाहिला हा प्रश्न. मुळशी पेट्यांतील शेतकऱ्यांनीं तो उघडपणें विचारला. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, तेथें सत्याग्रहास प्रारंभ झाला. त्यांतूनच पांडुरंग महादेव बापट हे ‘सेनापति’ या पदवीनें महाराष्ट्रास ठाऊक झाले. धरण व्हावयाचें तें झालेंच. परंतु जमीन पाण्याखालीं जाणाऱ्याचें म्हणणें ऐकलें पाहिजे, हा विचार आपल्या देशांत प्रथम गाजला तो याच डोंगरांत, हें विसरतां येणार नाहीं.

स्वातंत्र्यानंतर सातारा जिल्ह्यांत कोयनेचें धरण झालें, व शिवसागर नांवाचा त्याहून कितीतरी मोठा जलाशय महाबळेश्वरच्या पायथ्यापर्यंत पसरला. त्याचेंही पाणी पश्चिमेकडे कोंकणांतच सोडलेलें आहे. कोयनेच्या अनेक विस्थापितांस रायगड व ठाणें या जिल्ह्यांत वसविलें, म्हणून आमच्या कर्जतकडच्या वाचकांस ती कथा परकी वाटूं नये. जे मागें राहिले त्यांचीं गांवें, विशेषतः कांदाटी खोऱ्यांतील, महाराष्ट्रांत पाण्यानें तोडलेल्या वस्तीचें खरें उदाहरण होत. मागें सह्याद्रीचा कडा व दाट रान, पुढें मैलोगणती पाणी. बाजारास, दवाखान्यास वा लग्नास निघावयाचें म्हणजे लाँचवांचून गति नाहीं, असें तेथें अनेक वर्षें चाललें. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं उघड्या पडलेल्या गाळांत पीक घ्यावयाचें, व पावसाळ्यांत तीच जमीन पुन्हां जलाशयास परत करावयाची, अशी तेथील शेती. परंतु तापोळा व बामणोली येथें एक गोष्ट पाहून आम्हांस संतोष झाला. वासोट्यास वा त्रिवेणी संगमास जाणाऱ्या प्रवाशांच्या बोटी तेथील स्थानिक लोकच संस्था करून चालवितात. ज्या पाण्यानें जमीन नेली, त्याच पाण्यावर त्यांनीं आपलें वल्हें मारलें.

येथें टिटिकाकाची आठवण पुन्हां सयुक्तिक ठरते. ताकिले बेटावर प्रवासी येऊं लागले तेव्हां बेटवाल्यांनीं एक शहाणपण केलें. पाहुण्यांस उतरवून घ्यावयाचें तें आपल्याच घरीं, व तेंही पाळीपाळीनें, म्हणजे एकाचें घर भरलें व शेजारी उपाशी राहिला असें होऊं नये. तेथील पुरुष स्वतः टोप्या विणतात, बायका मागावर पट्टे विणतात, व तो माल गांवच्या सामायिक दुकानांत विकतात. या वस्त्रकलेस २००५ सालीं युनेस्कोनें मानवजातीचा वारसा म्हणून गौरविलें. उलट मणिपुरांतील लोकताक सरोवर पाहा. तेथें १९८३ सालीं वीजनिर्मितीसाठीं बंधारा होऊन पाणी चढलें, कांठचीं शेतें बुडालीं, आणि पुष्कळ कोळी कुटुंबें ‘फुमदी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरंगत्या गवताळ थरांवर झोंपड्या करून राहूं लागलीं. २०११ सालीं सरोवराच्या संरक्षणाच्या नांवाखालीं त्यांतील शेंकडों झोंपड्या सरकारी हुकुमानें जाळण्यांत आल्या. एका सरोवरांत बेटकरी यजमान ठरला. दुसऱ्यांत तोच अतिक्रमण करणारा ठरला. सरोवर दोन्हीकडे सुंदरच. मनुष्याची अवस्था ठरविली ती नाव कोणाच्या हातीं आहे या एका गोष्टीनें.

आमच्या कर्जत-खालापुरास हा प्रश्न आज अगदीं दाराशीं आला आहे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत मुंबईकरांचीं शेतघरें, विश्रामगृहें व तंबूंचे तळ या तालुक्यांत व वरच्या मावळांत वाढत गेले. शहरांत दमलेल्या माणसानें डोंगरांत चार दिवस काढूं नयेत असें कोण म्हणेल? परंतु जमीन विकलेला शेतकरी त्याच जमिनीच्या फाटकाशीं पहारेकरी म्हणून उभा असलेला आम्हीं पाहिला आहे, आणि ओढ्याच्या कांठीं रात्रभर वाजणारीं गाणीं व सकाळीं उरणाऱ्या बाटल्याही पाहिल्या आहेत. दुसरीकडे हें पश्चिमेस वळविलेलें पाणी पुन्हां भीमेच्या दुष्काळी खोऱ्यास द्यावें अशी मागणी वेळोवेळीं होते. तर राजनाल्याच्या शेतकऱ्यास व उल्हासकांठच्या शहरांस त्याच पाण्याचा आधार आहे. दोन्ही बाजूंस तहान खरी आहे, म्हणून निकाल सोपा नाहीं. एवढें मात्र आम्हांस निश्चित वाटतें कीं, या वादांत मुंबई, पुणें, सोलापूर यांचीं नांवें निघतात, आणि कुसूर-खांडीचें नांव निघत नाहीं. पाण्याच्या सर्वांत जवळ जो राहतो त्याची खुर्ची या बैठकींत प्रथम मांडली गेली पाहिजे.

वाचकांपैकीं ज्यांस हा प्रदेश पाहावयाचा असेल त्यांनीं मार्गशीर्ष ते माघ या काळांत जावें. तेव्हां जलाशय भरलेला असतो, वाटा कोरड्या असतात व डोंगरावर गवत अजून सोनेरी असतें. ऐन पावसाळ्यांत घाटवाटा निसरड्या असतात, व अनोळखी पाण्यांत उतरण्याचा मोह तर कोणत्याही ऋतूंत धरूं नये. हे जलाशय कांठापाशींच एकाएकीं खोल होतात. वाटाड्या गांवचाच घ्यावा व त्याचा मोबदला आधींच ठरवून पुरा द्यावा. जेवण गांवांतल्याच घरीं सांगावें. नाचणीची वा तांदळाची गरम भाकरी शहरांतून नेलेल्या डब्यापेक्षां खचित रुचकर लागते. मुलांस बरोबर अवश्य न्यावें, आणि भिवपुरीचे नळ, वरचें पाणी व त्या पाण्याकांठचें एखादें घर या तिन्ही गोष्टी त्यांस एकाच दिवशीं दाखवाव्यात. घरीं बटण दाबतांच लागणारा दिवा कोठून येतो, हें पुस्तकांतील आकृतीवरून त्यांस कळतेंच. तो कोणाच्या शेतावरून आला, हें मात्र त्या ओट्यावर बसून चहा घेतल्यावांचून कळत नाहीं.